सोडियम कमी आले आहे: मीठ वाढवण्याआधी पाण्याचा हिशेब कसा तपासावा

घरातील वयस्कर माणूस दोन-तीन दिवस सुस्त आहे, बोलताना अडखळतो आहे, चालताना तोल जातो आहे, म्हणून रक्त तपासले आणि सोडियम १२४ आले, हा प्रकार आपल्याकडे इतका सर्रास झाला आहे की ‘सोडियम कमी झालं’ हे वाक्य आता सोसायटीच्या बाकावरही ऐकू येते. त्यावरचा घरगुती उपायही ठरलेला असतो. ताकात मीठ घाला, लिंबाच्या सरबतात मीठ घाला, भातासोबत लोणचे वाढा आणि भरपूर पाणी पाजा. यांतील शेवटचा सल्ला बऱ्याच रुग्णांमध्ये आजार वाढवणारा असतो आणि पहिले तीन सल्ले पुष्कळदा निरुपयोगी ठरतात, कारण रक्तातील सोडियमचा आकडा हा शरीरातील मिठाचा साठा दाखवत नाही. तो मीठ आणि पाणी यांचे प्रमाण दाखवतो. आमटी अळणी लागते तेव्हा मीठ कमी पडलेले असते किंवा पाणी जास्त ओतले गेलेले असते. सोडियम कमी येण्याच्या बहुसंख्य प्रकरणांत दुसरी गोष्ट घडलेली असते, आणि ते पाणी शरीरात कोंडून ठेवण्याचे काम एका संप्रेरकाने केलेले असते. त्याचे नाव व्हॅसोप्रेसिन, म्हणजेच अँटिडाययुरेटिक हॉर्मोन. डॉक्टरांच्या बोलण्यात ते एडीएच म्हणून येते.

हा लेख रुग्णाची काळजी घेणाऱ्या कुटुंबीयांसाठी आणि या विषयाची उजळणी करू पाहणाऱ्या वैद्यकीय व परिचर्या विद्यार्थ्यांसाठी आहे. औषधाचा निर्णय फिजिशियनचाच राहील. मात्र कोणती तपासणी कधी पाठवावी, पाणी कसे मोजावे आणि कोणत्या क्षणी फोन उचलावा, हे घरच्या माणसांना माहीत असेल तर उपचार सरळ मार्गाने जातात.

आधी मूत्रपिंडात काय घडते ते पाहू

आपली दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातून लघवी होते ती साधारण दीड लिटर. गाळलेल्या द्रवाचा मोठा भाग मूत्रनलिकेच्या सुरुवातीच्या भागातच परत शोषला जातो आणि त्या शोषणाला एडीएचची गरज नसते. शेवटी संग्राहक नलिकेपर्यंत जो सुमारे दहावा हिस्सा पोहोचतो, त्यातील किती पाणी परत घ्यायचे आणि किती सोडून द्यायचे हे एडीएच ठरवते. हे संप्रेरक मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमध्ये तयार होते, पीयूषिका ग्रंथीच्या मागच्या भागात साठते आणि रक्तातून मूत्रपिंडात येऊन नलिकेच्या पेशींवरील व्ही-२ नावाच्या ग्राहीला चिकटते. त्याबरोबर त्या पेशींच्या आत थांबलेल्या ‘अॅक्वापोरिन-२’ या प्रथिनाच्या जलवाहिन्या पेशीच्या पृष्ठभागावर येऊन बसतात आणि नलिकेतील पाणी शरीरात परत जाऊ लागते. पाणी आत जाते, मीठ मात्र त्याच्यासोबत ओढले जात नाही. अशा जलवाहिन्यांच्या शोधासाठी पीटर आग्रे यांना २००३ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

एडीएच अजिबात नसेल तर लघवी जवळजवळ पाण्यासारखी पातळ होते. तिची ऑस्मोलॅलिटी, म्हणजे तिच्यात विरघळलेल्या कणांचे प्रमाण, ५०पर्यंत उतरू शकते. एडीएच पूर्ण जोरात असेल तर तरुण, निरोगी मूत्रपिंड तीच ऑस्मोलॅलिटी १२००पर्यंत नेऊ शकते. रक्ताची ऑस्मोलॅलिटी मात्र २७५ ते २९५ या अरुंद पट्ट्यात राहते. ती एखाद्या टक्क्याने जरी वाढली तरी एडीएच स्रवू लागते आणि तहान लागते, आणि ती कमी झाली की निरोगी माणसात एडीएच थांबते व जादा पाणी काही तासांत लघवीवाटे बाहेर पडते. निरोगी तरुणाने एकदम दोन तांबे पाणी प्यायले तरी त्याचे सोडियम ढासळत नाही, ते याच व्यवस्थेमुळे.

अडचण अशी की एडीएच केवळ रक्ताच्या घट्टपणाकडे पाहून स्रवत नाही. जुलाब, उलट्या, रक्तस्राव यांमुळे रक्ताचे आकारमान आठ-दहा टक्क्यांनी घटले की शरीर घट्टपणाची पर्वा सोडून देते आणि एडीएच सोडत राहते. मळमळ, तीव्र वेदना, शस्त्रक्रिया, न्यूमोनिया, क्षयरोग, मेंदूतील रक्तस्राव किंवा मेंदूज्वर, फुप्फुसाचा कर्करोग आणि अनेक औषधे यांमुळेही ते अवेळी स्रवते. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या दोन रुग्णांमध्ये १९५७ साली श्वार्त्झ, बार्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे विनाकारण एडीएच स्रवण्याचे वर्णन केले. त्यालाच आज एसआयएडीएच म्हणतात.

इथे आणखी एका संप्रेरकाशी होणारी गल्लत दूर केली पाहिजे. मूत्रपिंडाच्या माथ्यावर असलेल्या अधिवृक्क (अॅड्रिनल) ग्रंथीतून येणारे अल्डोस्टेरॉन हे मिठाचे संप्रेरक आहे. ते मूत्रपिंडाला सोडियम राखायला आणि पोटॅशियम सोडायला लावते. शरीरात एकूण मीठ किती आहे ते रक्तदाब, पायांवरची सूज, जिभेचा कोरडेपणा यांवरून कळते. रक्तातील सोडियमचा आकडा मात्र पाण्याची गोष्ट सांगतो. या एका वाक्यावर पुढचे सगळे उभे आहे.

पहिली पायरी: वेळ किती आहे ते ठरवा

झटका येणे, हाक मारून जागे न होणे, वारंवार उलटी, नव्याने सुरू झालेले असंबद्ध बोलणे किंवा तीव्र डोकेदुखी यांपैकी काहीही असेल तर पुढची तपासणी घरी बसून करायची नाही. थेट आपत्कालीन कक्ष गाठायचा. तिथे ३ टक्क्यांचे सलाईन १०० ते १५० मिलिलिटर एकदम दिले जाते आणि गरजेनुसार पुन्हा दिले जाते. सोडियम चार ते सहाने वाढले तरी मेंदूवरची सूज धोक्याबाहेर येण्यास तेवढे पुरेसे असते. आकडा लगेच सामान्य पातळीवर, म्हणजे १३५वर, आणण्याचा हट्ट धरू नये.

आकडा किती खाली आहे याइतकेच तो किती वेळात खाली आला याला महत्त्व असते. ढोबळमानाने १३० ते १३४ सौम्य, १२५ ते १२९ मध्यम आणि १२५च्या खाली गंभीर मानतात. ४८ तासांच्या आत झालेली घसरण मेंदूला झेपत नाही, कारण पाणी मेंदूच्या पेशींत शिरते आणि कवटीत फुगायला जागा नसते. हीच घसरण दोन-तीन आठवड्यांत झाली तर पेशी आपल्यातील काही कण बाहेर टाकून जुळवून घेतात आणि माणूस ११८ आकड्यावरही जेवता-बोलता दिसतो. म्हणून जुने रिपोर्ट शोधून तारखांसह सोबत ठेवावेत. महिन्यापूर्वीचे १२८ आणि आजचे १२५ ही एक गोष्ट आहे, परवाचे १३८ आणि आजचे १२५ ही अगदी वेगळी. सौम्य घसरणही दुर्लक्षून चालत नाही. वयस्कर माणसांमध्ये तिच्यामुळे चाल डळमळते आणि पडण्याचा, हाड मोडण्याचा धोका वाढतो.

दुसरी पायरी: आकडा खरा आहे का?

ज्या हाताला सलाईन चालू आहे त्याच हातातून रक्त घेतले असेल तर रिपोर्टवर विसंबू नये. मधुमेहात साखर फार वाढलेली असेल तर ती पेशींतील पाणी रक्तात ओढते आणि सोडियम पातळ दिसते. साखर १००च्या वर दर १०० मिलिग्रॅमला सोडियम सुमारे १.६ ते २.४ने कमी दिसते असा हिशेब धरतात. म्हणजे साखर ५०० आणि सोडियम १२८ असेल तर उपचार साखरेवर करायचा असतो. ट्रायग्लिसराइड किंवा रक्तातील प्रथिने अतोनात वाढली असतील तर काही यंत्रे सोडियम खोटेच कमी दाखवतात. अशा वेळी ब्लड गॅसच्या यंत्रावर केलेली मोजणी खरी मानावी.

रक्ताची ऑस्मोलॅलिटी प्रयोगशाळेत मोजता येते, पण अंदाज कागदावरही काढता येतो. सोडियमची दुप्पट, अधिक साखर भागिले १८, अधिक युरिया भागिले ६. आपल्याकडील बहुतेक प्रयोगशाळा ‘ब्लड युरिया’ देतात, म्हणून भागाकार ६ने. रिपोर्टवर ‘बीयूएन’ (ब्लड युरिया नायट्रोजन) लिहिलेले असेल तर २.८ने. सोडियम १२४, साखर १०८ आणि युरिया २४ असेल तर २४८ अधिक ६ अधिक ४, म्हणजे २५८. हे २७५च्या खाली आहे, म्हणजे रक्त खरोखरच पातळ झाले आहे.

तिसरी पायरी: सलाईन लावण्याआधी लघवी पाठवा

सर्वांत जास्त वेळा हुकणारी पायरी हीच. दाखल होताच सलाईन लागते, लघवीचा नमुना दुसऱ्या दिवशी जातो आणि तोपर्यंत चित्र बदललेले असते. लघवीची ऑस्मोलॅलिटी आणि लघवीतील सोडियम व पोटॅशियम या तपासण्यांना २४ तासांची लघवी साठवावी लागत नाही; एका वेळचा नमुना पुरतो. नातेवाईकाने ‘सलाईनआधी युरिन स्पॉट सोडियम आणि ऑस्मोलॅलिटी पाठवू या का?’ असे नम्रपणे विचारण्यात काहीही गैर नाही. रक्तात क्रिएटिनिन, पोटॅशियम, युरिक अॅसिड, थायरॉइडसाठी टीएसएच आणि सकाळी आठच्या सुमारास घेतलेले कॉर्टिसोल (अधिवृक्क ग्रंथीचेच दुसरे संप्रेरक) तपासून घ्यावे. कॉर्टिसोल वगळू नये. ते कमी असेल तर एडीएचवरचा लगाम सुटतो, रोग एसआयएडीएचसारखाच दिसतो आणि उपचार पूर्णपणे वेगळा असतो. सोबत पोटॅशियम वाढलेले असेल तर अल्डोस्टेरॉनही कमी पडते आहे, म्हणजे अॅडिसनचा आजार असू शकतो, अशी शंका घ्यावी.

चौथी पायरी: औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करा

माझ्या मते एवढ्या एका कृतीने निम्मे निदान होऊ शकते. रक्तदाबाच्या संयुक्त गोळ्यांमध्ये पुष्कळदा हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन किंवा इंडापामाइड असते आणि रुग्णाला ते ठाऊकच नसते. गोळीच्या नावापुढे एच किंवा सीटी अशी अक्षरे बहुतेकदा त्याचीच खूण असतात, पण खात्री पाकिटाच्या मागच्या बारीक अक्षरांतूनच करावी. ही थायझाइड गटाची, लघवी वाढवणारी औषधे लघवी पातळ करण्याची मूत्रपिंडाची क्षमताच कमी करतात, आणि वयस्कर, कृश स्त्रियांमध्ये सुरू केल्यापासून पहिल्या काही आठवड्यांत सोडियम पाडतात. एसिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन यांसारखी नैराश्यावरची औषधे आणि कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन ही फिटची औषधे एडीएच वाढवतात किंवा त्याचा परिणाम तीव्र करतात. रात्री वारंवार लघवीला उठावे लागते म्हणून दिलेले डेस्मोप्रेसिन तर एडीएचचेच कृत्रिम रूप आहे. यातील कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये, विशेषतः फिटची. पण यादी डॉक्टरांसमोर गेलीच पाहिजे, आणि तीत ‘ही गोळी केव्हापासून चालू आहे’ हा रकाना असावा.

पाचवी पायरी: शरीरात मीठ किती आहे ते पाहा

इथे रुग्णांचे तीन गट पडतात.

पहिल्या गटात जुलाब, उलट्या किंवा लघवीच्या गोळ्यांमुळे मीठ आणि पाणी दोन्ही गेलेले असते. उभे राहिल्यावर चक्कर येते, रक्तदाब पडतो, जीभ कोरडी असते. रक्ताचे आकारमान घटल्यामुळे एडीएच स्रवते, आणि माणूस नुसते पाणी किंवा शहाळे पीत राहिला की सोडियम घसरते. या गटाला मिठाची खरोखर गरज असते. ओआरएसचे अख्खे पाकीट एक लिटर पाण्यात विरघळवून द्यावे किंवा नॉर्मल सलाईन लावावे, म्हणजे आकारमान भरून आल्यावर एडीएच आपोआप थांबते.

दुसऱ्या गटात हृदय किंवा यकृत निकामी होऊ लागलेले असते. पायांवर सूज, पोटात पाणी, धाप अशी लक्षणे असतात. शरीरात मीठ आणि पाणी दोन्ही जास्त असते, पण रक्ताभिसरण अपुरे असल्यामुळे शरीराला आपण कोरडे पडलो आहोत असे वाटते आणि अल्डोस्टेरॉन व एडीएच दोन्ही जोरात चालतात. अशा रुग्णाला ‘सोडियम कमी आहे’ म्हणून मीठ वाढवून देणे म्हणजे सूज आणि धाप वाढवणे.

तिसऱ्या गटात सूजही नाही आणि कोरडेपणाही नाही. एसआयएडीएच याच गटात येते. जादा पाणी दिसत का नाही, ते आकड्यांत पाहू. पन्नास किलो वजनाच्या वृद्ध स्त्रीच्या शरीरात साधारण २२.५ लिटर पाणी असते. तिचे सोडियम १३८वरून १२४वर आले आणि ते केवळ पाणी साठल्यामुळे आले असे धरले, तर जादा पाणी सुमारे अडीच लिटर भरते. त्यातील दोन-तृतीयांश पेशींच्या आत शिरते, म्हणून पाय सुजत नाहीत. वजनकाट्यावर मात्र फरक दिसू शकतो. या थोड्याशा वाढलेल्या आकारमानाला प्रतिसाद म्हणून अल्डोस्टेरॉन खाली येते, हृदयाकडून येणारे नॅट्रियुरेटिक पेप्टाइड वाढते आणि मूत्रपिंड खाल्लेले मीठ लघवीत सोडू लागते. म्हणून रक्तात सोडियम कमी असतानाही लघवीत ते भरपूर सापडते. ताकातले जादा मीठ नेमके तिथूनच निघून जाते, आणि ताकातले पाणी मात्र राहते.

सहावी पायरी: लघवीचा रिपोर्ट वाचा

लघवीची ऑस्मोलॅलिटी १००च्या खाली असेल तर एडीएच थांबलेले आहे आणि मूत्रपिंड आपले काम करते आहे; प्रश्न आत येणाऱ्या पाण्याचा किंवा आहाराचा आहे. हा दुसरा मुद्दा आपल्याकडे फार दुर्लक्षित आहे. पाणी बाहेर टाकण्यासाठी मूत्रपिंडाला सोबत कण लागतात, आणि ते कण अन्नातील मीठ व प्रथिनांपासून बनणाऱ्या युरियातून येतात. पूर्ण जेवणातून दिवसाला ६०० ते ९०० कण-एकके म्हणजे मिलिऑस्मोल मिळतात. ६०० भागिले ५० केले तर १२ लिटर पाणी बाहेर टाकता येते. उलट, दात नाहीत, भूक नाही, एकटे राहणे आहे, म्हणून जी आजी दिवसभर चहा-बिस्किट आणि रात्री पातळ पेज यांवर भागवते, तिला जेमतेम २५० मिळतात; वयामुळे तिचे मूत्रपिंड लघवी १००च्या खाली पातळ करू शकत नसेल तर तिची दिवसाची कमाल मर्यादा अडीच लिटर. मग कोणीतरी ‘दिवसाला तीन लिटर पाणी प्यायलाच हवे’ असा संदेश फोनवर पाठवतो. अशा आजीचा उपचार पाणी आवरणे आणि वरण, अंडे, दही, पनीर यांतून प्रथिने वाढवणे हा आहे. उपवासाच्या दिवशी फक्त साबुदाणा आणि चहा यांवर राहणाऱ्या वृद्धांनाही हाच हिशेब लागू पडतो.

लघवीची ऑस्मोलॅलिटी १००च्या वर असेल तर एडीएच काम करते आहे, आणि मग लघवीतील सोडियम पाहावे. ते ३०च्या खाली असेल तर मूत्रपिंड मीठ राखते आहे, म्हणजे पहिला किंवा दुसरा गट. सूज आहे की कोरडेपणा आहे यावरून दोन्ही वेगळे करता येतात. ते ३०च्या वर असेल, रुग्ण लघवीच्या गोळ्या घेत नसेल, थायरॉइड आणि कॉर्टिसोल ठीक असेल आणि शरीर तिसऱ्या गटातले असेल तर निदान एसआयएडीएचकडे झुकते. युरिक अॅसिड ४च्या खाली असणे हा त्याला पूरक पुरावा. निदान इथे संपत नाही; एसआयएडीएच का झाले हे शोधण्यासाठी किमान छातीचा एक्स-रे आणि गरजेनुसार सीटी स्कॅन करावेच लागते. आपल्याकडे क्षयरोगाचा विचार त्यात आवर्जून व्हावा.

सातवी पायरी: उपचार, आणि नॉर्मल सलाईनचे कोडे

‘सलाईन लावले आणि सोडियम आणखी उतरले’ अशी तक्रार नातेवाईक करतात तेव्हा ती खरी असू शकते. एक लिटर नॉर्मल सलाईनमध्ये ३०८ मिलिऑस्मोल असतात. एसआयएडीएचच्या रुग्णाची लघवी ६१६ या घट्टपणावर अडकलेली असेल तर ते सगळे मीठ अर्ध्या लिटर लघवीतून बाहेर पडते. आत गेले एक लिटर पाणी, बाहेर पडले अर्धा लिटर. उरलेले अर्धा लिटर निव्वळ पाणी शरीरात राहिले आणि सोडियम आणखी पातळ झाले. पहिल्या गटातील रुग्णाला जे सलाईन तारते तेच तिसऱ्या गटातील रुग्णाला पाडते, म्हणून तिसरी आणि पाचवी पायरी गाळून सातवीवर उडी मारता येत नाही. ओआरएसचेही तसेच. त्यात लिटरला ७५ सोडियम असते, म्हणजे रक्ताच्या जवळपास निम्मे. एसआयएडीएचमध्ये ते औषध नव्हे.

एसआयएडीएचमध्ये मूळ कारणाचा उपचार आणि पाण्यावर मर्यादा हा पाया आहे. मर्यादा किती ठेवावी याचा अंदाज लघवीवरूनच येतो. लघवीतील सोडियम आणि पोटॅशियमची बेरीज करून तिला रक्तातील सोडियमने भागावे. उत्तर ०.५च्या खाली असेल तर दिवसाला एक लिटर, ०.५ ते १ असेल तर अर्धा लिटर, आणि १च्या वर असेल तर नुसते पाणी कमी करून भागणार नाही, सुरुवातीपासूनच आणखी काही लागेल. उदाहरणार्थ लघवीत सोडियम ९०, पोटॅशियम ४५ आणि रक्तात सोडियम १२४ असेल तर उत्तर सुमारे १.१ येते. या रुग्णाला आठवडाभर तहानलेले ठेवून आकडा हलणार नाही.

‘आणखी काही’ म्हणजे काय? मिठाच्या गोळ्या हा एक पर्याय आहे. पाणी आवरलेले असताना त्या लघवीला जादा कण पुरवतात आणि कणांसोबत पाणी बाहेर काढतात. पाणी मोकळे ठेवून नुसते मीठ दिल्यास तहान वाढून सगळा हिशेब फसतो. उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर हा पर्याय जपून वापरावा लागतो. गरजेप्रमाणे फुरोसेमाइड या लघवी वाढवणाऱ्या औषधाची जोड देतात. दिवसाला १५ ते ३० ग्रॅम युरियाची पावडर हाही जुना, स्वस्त आणि परिणामकारक उपाय आहे. चव कडवट असते, म्हणून ती संत्र्याच्या थोड्या रसात देतात. टॉल्व्हॅप्टन हे औषध थेट व्ही-२ ग्राही अडवते, त्यामुळे निव्वळ पाणी लघवीवाटे सुटते. ते रुग्णालयातच, लहान मात्रेने आणि सोडियम वारंवार तपासत सुरू करायचे असते. पहिल्या दिवशी पाण्यावरची मर्यादा उठवावी लागते, आणि ज्याला तहान कळत नाही किंवा हाताने पाणी घेता येत नाही अशा रुग्णाला ते देऊ नये. यकृताच्या आजारातही ते टाळतात.

आठवी पायरी: घरी पाणी मोजणे

‘पाणी कमी प्या’ हा सल्ला मोजमापाशिवाय पाळला जात नाही. सकाळी एका बाटलीत ठरलेले पाणी भरावे, समजा एक लिटर. दिवसभरात चहा, दूध, ताक, आमटी, सूप, पेज, शहाळे, औषधासोबतचे पाणी असे जे काही पोटात जाईल तेवढेच पाणी त्या बाटलीतून ओतून टाकावे. बाटली रिकामी झाली की दिवस संपला. घरातील वाटी, कप आणि पेला एकदा मोजपात्राने मोजून त्यावर खूण करून ठेवावी, कारण एकाच घरातील दोन कपांत दुपटीचा फरक असू शकतो. कलिंगड, द्राक्षे, आइस्क्रीम यांतील पाणी विसरले जाते. गोळ्या एकेक करून चार वेळा पेलाभर पाण्यासोबत घेतल्या तर निम्मी मर्यादा तिथेच संपते. शक्य त्या गोळ्या जेवणासोबत, दोन घोटांत घ्याव्यात. तहान लागली तर चूळ भरून टाकावी, बर्फाचा लहान खडा चघळावा किंवा लवंग तोंडात धरावी.

रोज सकाळी लघवीनंतर, एकाच वजनकाट्यावर वजन घेऊन वहीत लिहावे. विदर्भातल्या मे महिन्यात एक लिटरची मर्यादा मुंबईतल्या वातानुकूलित खोलीप्रमाणे लावता येत नाही. वजन दोन दिवसांत एक किलोहून अधिक उतरले, चक्कर येऊ लागली किंवा जुलाब सुरू झाले तर मर्यादा तशीच न रेटता डॉक्टरांना विचारावे.

नववी पायरी: वाढ हळू होते आहे ना?

अनेक दिवस कमी राहिलेले सोडियम भराभर वाढले तर मेंदूतील काही चेतातंतूंची आवरणे नष्ट होतात. धोका असा की पहिल्या दोन दिवसांत रुग्ण सुधारल्यासारखा वाटतो आणि दोन ते सहा दिवसांनी बोबडे बोलणे, गिळता न येणे, हातापायांतील शक्ती जाणे सुरू होते. म्हणून २४ तासांत वाढ ८ ते १०च्या आत ठेवतात. कुपोषण, मद्यपान, यकृताचा आजार, पोटॅशियमची कमतरता किंवा १०५च्या आसपासचा आकडा असेल तर ८ हीच मर्यादा. सोडियम दर चार ते सहा तासांनी का तपासतात आणि बिल का वाढते, याचे उत्तर इथे आहे.

ही वाढ नेहमी औषधानेच होते असेही नाही. थायझाइड बंद केले, उलट्या थांबल्या, कॉर्टिसोल दिले किंवा सलाईनने आकारमान भरून आले की एडीएच एकाएकी थांबते आणि मूत्रपिंड साठलेले पाणी धडाक्याने सोडू लागते. बिछान्याशेजारी बसलेल्या माणसाला हे सर्वांत आधी दिसते. पिवळी, थोडीथोडी होणारी लघवी अचानक पाण्यासारखी पांढरी होते आणि पिशवी तासाला १००-१५० मिलिलिटरने भरू लागते. ही बातमी आनंदाची समजून बसू नये. त्याच क्षणी परिचारिकेला सांगून सोडियम तपासायला लावावे. आकडा मर्यादेपलीकडे पळू लागला तर डॉक्टर ५ टक्के डेक्स्ट्रोज आणि डेस्मोप्रेसिन देऊन त्याला लगाम घालतात, म्हणजे ज्या संप्रेरकामुळे आजार झाला तेच मोजूनमापून परत दिले जाते.

घरी गेल्यावर

पहिली तपासणी चार-पाच दिवसांत, नंतर आकडा स्थिर होईपर्यंत आठवड्याने करावी. ज्या औषधामुळे सोडियम पडले त्याचे मूळ नाव, कंपनीचे नाव नव्हे, डिस्चार्ज कार्डावर ठळक लिहून घ्यावे आणि ते रुग्णाच्या फाइलच्या पहिल्या पानावर चिकटवावे. कारण सहा महिन्यांनी दुसऱ्या गावी, दुसरे डॉक्टर रक्तदाबासाठी वेगळ्या नावाची संयुक्त गोळी लिहून देतात आणि तिच्यातही तेच थायझाइड असते. डिस्चार्ज कार्डावर ‘मीठ भरपूर घ्या’ असे लिहिलेले आढळले तर निघण्यापूर्वी दोन गोष्टी विचाराव्यात: रुग्ण तीन गटांपैकी कोणत्या गटातला होता, आणि पाण्याची मर्यादा किती मिलिलिटर व कोणत्या तारखेपर्यंत.